टोचन लावताना घ्यायची काळजी

बंद पडलेली गाडी दोर बांधून दुसऱ्या गाडीनं ओढून न्यायची, याला आमच्याकडे टोचन लावणं म्हणतात. हा शब्द कुठून आला ते मला माहीत नाही. मी भाषेचा मास्तर नाही, विज्ञानाचा आहे. मोताळ्याच्या एका शाळेत मी पोरांना घर्षण आणि जडत्व शिकवतो, आणि गाड्यांमधलं मला सगळं कळतं असा वीसेक वर्षं माझा समज होता. तो माझ्यापुरता राहिला असता तर एक वेळ चाललं असतं. पण हळूहळू तो अख्ख्या तालुक्याचा झाला, आणि मी तो होऊ दिला.

सुरुवात माझ्या जुन्या जीपपासून झाली. ती घेतली तेव्हाच ती म्हातारी होती, त्यामुळे दर रविवारी तिच्याखाली झोपणं भाग होतं. ऑइल बदलणं, प्लग साफ करणं, ब्रेकचे लायनर घालणं, सगळं मी घरासमोरच करायचो. बायको पाहुण्यांना सांगायची की सर घरीच आहेत, फक्त पाय दिसतात. येणारेजाणारे थांबायचे, पाहायचे, आपल्या गाडीचं दुखणं सांगायचे. मी जीपखालूनच उत्तर द्यायचो. चेहरा न दाखवता दिलेल्या उत्तराला वजन येतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग मोबाइलवर तालुक्यातल्या गाडीवाल्यांचा ग्रुप निघाला. मेकॅनिककडे जायच्या आधी एकमेकांना विचारावं, घरच्या घरी होईल तेवढं करावं, असा त्यामागचा हेतू. महिन्याभरात ग्रुपचा सर मीच झालो. कोणी विचारलं की मी आवाज रेकॉर्ड करून पाठवायचो, कारण लिहून पाठवलं तर माझ्या आवाजातला भारदस्तपणा जायचा. बसस्टँडमागच्या मिस्त्रीला हे सगळं ठाऊक होतं. तो म्हणायचा, “सर, तुमच्या ग्रुपनं माझा धंदा वाढवला. आधी लोकं गाडी बिघडली का येत. आता घरी दुरुस्त करतात, अन् मंग येतात.” मी हसायचो. मला वाटायचं, त्याचं पोट दुखतंय.

खरी गोष्ट अशी होती की मला फक्त माझी जीप कळत होती. गाड्या बदलल्या, पण माझं प्रत्येक उत्तर जीपमधूनच यायचं. आणि ‘हे मला माहीत नाही’ हे वाक्य मी त्या ग्रुपवर एकदाही बोललो नाही.

आमच्या शेजारच्या घरची सून नर्स आहे. धामणगाव बढ्याच्या अलीकडे एका गावात तिचं उपकेंद्र आहे. नवरा जालन्याला कारखान्यात, शनिवारी येतो. घरी ती, तिचा मुलगा आणि सासरे. बसच्या वेळा आणि बाळंतपणाच्या वेळा कधी जुळत नाहीत, म्हणून तिनं बुलडाण्याला क्लास लावून ड्रायव्हिंग शिकून घेतलं आणि आपल्या पगारातून एक जुनी, लहान, पांढरी कार घेतली. सासऱ्यांचा विरोध होता. ते वाईट माणूस नाहीत, भित्रे आहेत. “रस्त्यानं ट्रक कसे येतात तुमाले माहीत नाही का सर,” असं ते मला म्हणाले होते. मीच त्यांना समजावलं. म्हणालो, “भाऊ, मी शेजारी आहे ना. गाडीचं काय ते मी पाहतो.” माझ्या शब्दावर त्यांनी होकार दिला. म्हणजे ती गाडी चालवत होती ती माझ्या भरवशावर, आणि हे तिलाही माहीत होतं, सासऱ्यांनाही.

ती चांगली चालवायची. हे मी आता उपकार म्हणून लिहीत नाही. ती माझ्यापेक्षा चांगली चालवायची. टायर बदलायला, ऑइलची पट्टी पुसून पाहायला मी तिला शिकवलं, आणि एकदा दाखवलं की दुसऱ्यांदा दाखवावं लागलं नाही. तिची एकच सवय मला खटकायची. प्रत्येक गोष्टीला ती “काऊन?” विचारायची. काका, ऑइल थंड झाल्यावरच काऊन पाहायचं? काका, चाकाचे नट असे आडवेतिडवे काऊन आवळायचे? वर्गात एखाद्या पोरानं असं विचारलं तर मी त्याला डोक्यावर घेतो. शेजारणीनं विचारलं तर मला वाटायचं, आपल्यावर विश्वास नाही.

त्या दिवशी दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. सासरे तिच्यासोबत धामणगावला आपल्या बहिणीकडे गेले होते. दुपारी परत येताना गाडी रस्त्यातच बंद पडली. तिनं फोन केला. “काका, सेल्फ फिरते पण चालूच होऊन नाही राह्यली. मिस्त्रीले बोलावू का?” मिस्त्रीचं नाव काढल्यावर मला झोंबलंच. म्हणालो, “मिस्त्री कशाला? मी येतो. टोचन लावू, अर्ध्या तासात घरी.”

जीपमध्ये मागे नायलॉनचा जाड दोर कायम पडलेला असायचा. मी पोहोचलो, बॉनेट उघडून दोन वायरी हलवल्या, काही झालं नाही, तेव्हा पेट्रोलचा पंप गेला असणार असं मोठ्यानं जाहीर केलं. एवढं मात्र बरोबर निघालं.

दोर बांधला. पुढे मी, मागे कोण हा प्रश्न आमच्याकडे कुणाला पडत नाही. ज्याला चालवता येतं तो पुढे, आणि मागच्या बंद गाडीत कुणीही बसतं. सासरे म्हणालेच, “मागच्याले काय काम हाय? नुसतं धरून बसायचं.” टोचन लावताना सगळा तालुका हेच म्हणतो, आणि मीही मान डोलावली. खरं तर सगळं काम मागच्याचंच असतं. दोर ढिला पडू द्यायचा नाही, पुढचा थांबला की थांबायचं, आणि हे सगळं मेलेल्या इंजिनाच्या गाडीत. पुढच्यानं फक्त हळू जायचं असतं.

ती स्टेअरिंगवर बसली, सासरे तिच्या शेजारी. मी खिडकीशी जाऊन सूचना दिल्या. गिअर न्यूट्रलला ठेव, दोर ताणलेला राहू दे, काही झालं तर हात बाहेर काढून दाखव. तिनं विचारलं, “काका, चावी चालूवर ठेवायची ना?”

“चावी काढ अन् पर्समध्ये ठेव,” मी म्हणालो. “उगाच बॅटरी उतरेल.”

“काऊन पण? क्लासमधे सांगतलं होतं का ओढून नेताना चावी काढू नका.”

“क्लासवाल्यांना काय समजतं? मी वीस वर्षं टोचन लावतोय.”

तिनं माझ्याकडे पाहिलं, चावी काढली आणि पर्समध्ये टाकली.

निघालो. रस्त्याच्या एका बाजूला लोकांनी सोयाबीन वाळत घातलेलं, दुसऱ्या बाजूला कपाशीत बाया वेचणीला. सरळ रस्ता होता, सगळं नीट चाललं होतं. एका ठिकाणी बैलगाडी आडवी आली म्हणून मी थांबलो, तर मागून तिची गाडी येऊन माझ्या बंपरला टेकली. तिनं खिडकीतून सांगितलं, “काका, ब्रेक दगडावानी लागून राह्यला. दबतच नाही.” इंजिन बंद असलं की या गाड्यांचा ब्रेक दोन-तीनदा दाबल्यावर कडक होतो. शाळेत मी निर्वात आणि हवेचा दाब शिकवतो, तरी ते माझ्या लक्षात आलं नाही. मी आरशातच पाहून ओरडून म्हणालो, “जोर लाव थोडा. डबा खात नाहीस का?” सासरे हसले. मीही हसलो. ही थट्टा मला अजून आठवते आणि आठवली की मान खाली जाते.

पुढे डावीकडे वळण आहे. मी वळलो. तिनंही चाक डावीकडे फिरवलं, आणि ते तिथंच अडकलं. वळण संपलं, रस्ता सरळ झाला, गाडी सरळ झाली नाही. दोराला जोराचा हिसका बसला, मी आरशात पाहिलं तेव्हा पांढरी गाडी रस्त्याच्या कडेच्या नालीत नाक खुपसून उभी होती. दोर तुटला होता.

मी धावत गेलो. सासऱ्यांनी सावरायला हात पुढे टेकवला होता, तो मनगटातून मोडला होता. ते आई गं म्हणत होते. ती मात्र दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून तशीच बसलेली. “काका, फिरलंच नाही. चाक फिरलंच नाही,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी खिडकीतून हात घालून चाक फिरवून पाहिलं. ते जाम होतं. चोरी होऊ नये म्हणून चावी काढल्यावर या गाड्यांचं चाक आपोआप कुलूपबंद होतं. हे मला कधीच माहीत नव्हतं असंही नाही, कुठंतरी वाचलेलं होतं. पण माझ्या जीपला ते कुलूप नाही, आणि माझ्या डोक्यात गाडी म्हणजे जीप.

मी म्हणालो, “चावी दे.” तिनं पर्समधून काढून दिली आणि ती उतरून सासऱ्यांच्या बाजूला गेली. मी तिच्या जागी बसलो. चाक थोडं हलवत चावी फिरवली. खट असा आवाज आला आणि चाक मोकळं झालं. पुढे जे केलं ते घाबरून केलं असं म्हणता आलं असतं, पण त्या क्षणी मी घाबरलेलो नव्हतो. माझं डोकं अगदी थंड होतं. मी चावी काढली नाही. तशीच लावून ठेवली आणि उतरलो.

कपाशीतल्या बाया धावत आल्या, दोन मोटारसायकलवाले थांबले. फोन करून मिस्त्रीला पिकअप घेऊन बोलावलं. तो आला, आत डोकावला, स्टेअरिंग इकडून तिकडे फिरवलं. “हे त फिरून राह्यलं,” तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, “सर, टोचन लावलं तवा चावी कोठी होती?”

“लावलेलीच होती,” मी म्हणालो.

ती तेव्हा सासऱ्यांच्या हाताला एक जाड पुठ्ठा लावून ओढणीनं बांधत होती. तिनं मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा गाठ मारायला लागली. मिस्त्रीनं वाकून तुटलेला दोर पाहिला. सासरेच बोलले. दुखत असताना ते म्हणाले, “भेली ते. भेऊन आवळून धरलं तिनं.”

तेवढंच कायम झालं. पुढे महिनाभर पाहुणे यायचे, सासरे प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून तेच सांगायचे. रागानं नाही, काळजीनं. “मी वाचलो. उद्या एकटी असली असती त?” नवरा जालन्याहून आला आणि गाडी दुरुस्त झाली तरी बाहेर काढायची नाही असं ठरलं. मला विचारलं नाही असं नाही. विचारलं. मी म्हणालो, “थोडे दिवस जाऊ द्या.” एवढं गुळगुळीत वाक्य मी आयुष्यात बोललो नव्हतो.

आणि याच्याही पुढची गोष्ट सांगायची आहे, जी मी बायकोलाही सांगितली नव्हती. अपघाताच्या चौथ्या दिवशी ग्रुपवर लोक विचारायला लागले, सर, नेमकं काय झालं, आपण काय काळजी घ्यावी? मी बसून लांबलचक मेसेज लिहिला. त्याला मथळा दिला, ‘टोचन लावताना घ्यायची काळजी’. दोर किती लांब असावा, वेग किती असावा, ब्रेक कडक होतो म्हणून आधीपासून दाबायला सुरुवात करावी. आणि त्यात ठळक करून लिहिलं की मागच्या गाडीची चावी कधीही काढू नये, चालूवर ठेवावी, नाहीतर स्टेअरिंग लॉक होतं. जे मी तिची गाडी नालीत घालून शिकलो, ते मी वीस वर्षांचा अनुभव म्हणून वाटलं. हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. एकानं लिहिलं, सर, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आमच्या गाड्या चालतात. मी ते दोनदा वाचलं.

ती बसनं जायला लागली. सकाळी स्टँडवर उभी दिसायची, पाठीला बॅग, हातात लसींचा डबा. कधी बस भरून यायची आणि न थांबता जायची, मग ती काळीपिवळी प्रवासी जीपमध्ये दाटीवाटीनं जायची. एक दिवस मी जीप थांबवली. म्हणालो, “चल, सोडतो.” ती बसली नाही. खिडकीशी येऊन तिनं विचारलं, “काका, तुमचा तो मेसेज आमच्या यायनं जालन्याहून मले पाठवला होता. चावीचं लिहिलं ना तुमी त्यात, ते त्या दिवशी माहीत होतं का तुमाले?”

किती साधा प्रश्न होता. हो म्हटलं असतं तर मी नालायक ठरत होतो, नाही म्हटलं असतं तर अडाणी. दोन्हींपैकी काहीही म्हटलं असतं तरी तिची गाडी तिला परत मिळाली असती. मी म्हणालो, “बघ, बस आली तुझी.” बस यायला अजून अवकाश होता. रस्ता मोकळा होता, आम्हा दोघांनाही तो दिसत होता. तिनं मान हलवली आणि ती स्टँडवर जाऊन उभी राहिली. त्यानंतर मी शाळेला मागच्या गल्लीनं जायला लागलो.

असे सात-आठ महिने गेले. मग एका सकाळी सासऱ्यांनी मला हाक मारली. अंगणात देऊळगाव राजाकडचा एक माणूस उभा होता, ती पांढरी गाडी विकत घ्यायला आलेला. गाडी नालीत गेल्याचं ऐकून तो बिचकत होता. सासरे म्हणाले, “सर, तुमी सांगा याले. तुमच्या शब्दावर भरोसा हाये सगळ्यायचा. स्टेअरिंगात काही दोष हाये का?”

“नाही,” मी म्हणालो. “काही दोष नाही.”

“आयकलं का?” सासरे त्या माणसाला म्हणाले. “दोष गाडीत नव्हताच. चालवणारीत होता.”

ती दारात उभी होती. कामावर जायच्या कपड्यांत, लसीकरणाचा दिवस असावा. गाडी धुऊन पुसून उभी होती. आता नाही बोललो तर ही गाडी जाईल आणि हे वाक्य कायमचं तिच्या नावावर राहील, एवढं मला स्वच्छ कळलं. मी बोललो. सगळं बोललो. तिनं चावीचं विचारलं होतं, मी काढायला लावली, चाक त्यामुळे अडकलं, नंतर मीच चावी लावून ते मोकळं केलं आणि मिस्त्रीला खोटं सांगितलं. ग्रुपवरच्या मेसेजचंही सांगितलं. बोलून झाल्यावर मी सासऱ्यांकडे पाहिलं. वाटलं, हे आता मला अंगणातून हाकलतील. मला ते हवं होतं.

सासऱ्यांचे डोळे भरून आले. त्यांनी त्या वाकड्या जुळलेल्या हातानं माझा हात धरला. “सर,” ते म्हणाले, “सूनबाईची गाडी जाऊन राह्यली म्हणून तुमी तिचं अंगावर घेऊन राह्यले. मले समजत नाही का? सख्खा भाऊ नाही करत असं.” मी म्हणालो, “भाऊ, मी खरं सांगतोय.” ते म्हणाले, “राहू द्या आता. तुमी चूक सांगाल अन् मी मानीन? ग्रुपवर तुमीच त लिहिलं होतं, चावी काढू नका म्हणून.” मग त्या माणसाकडे वळून अभिमानानं म्हणाले, “याले म्हणतात शेजारी.”

मी तिच्याकडे बोट दाखवलं. “तिला विचारा.” सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “ते काय सांगंल,” म्हणाले, “तुमच्या हो ले हो म्हणंल.”

व्यवहार झाला. तो माणूस गाडीत बसला, काच खाली करून आदरानं म्हणाला, “सर, तुमचा नंबर द्या. काही अडचण आली तर तुम्हालाच विचारीन.” आणि मी नंबर दिला. जिभेच्या टोकावर होता, बाहेर पडला. सासरे गाडीला वाट दाखवत फाटकाबाहेर गेले.

मी दाराशी गेलो. म्हणालो, “पोरी, मी सांगितलं गं त्यांना. सगळं खरं सांगितलं.”

“हाव काका, आयकलं मी.” ती चपला घालत होती. “त्या दिवशी सांगतलं असतं त मानलं असतं त्यायनं. तवा तुमी चुकले असते अन् मी सुटली असती. आज तुमी आणखीन मोठे झाले. मी हाय तिथंच राह्यली.”

तिनं लसींचा डबा उचलला आणि ती पायी स्टँडकडे निघाली.